सोकजूची तिथी

३० मार्च, शनिवार

आज तिसऱ्यांदा तीच फेरी केली. गुम्नामरोच्या भुयारी स्टेशनापासून सुरुवात, मग गोळ्यांच्या खुणांची इमारत, कारंज्याचा चौक, दुरुस्तीसाठी पत्र्याआड गेलेली जुनी प्रांत कचेरी, आणि शेवटी ती व्यायामशाळा, जिथे ऐंशी सालच्या मे महिन्यात, उठावात लष्कराने मारलेल्यांच्या शवपेट्या ओळीने मांडल्या होत्या. मी याच ग्वांगजूत वाढलो. शाळेतून दर मे महिन्यात आम्हाला इथे रांगेने आणायचे, आणि मी मागच्या मागे सटकून व्हिडिओ गेम खेळायला जायचो. आता कुणी न हाकलता येतोय. कारण एकच. गी नारे. शनिवारी लोकांना या जागा दाखवत माहिती सांगायची फेरी ती घेते.

सकाळी लिंबाच्या साबणाने दोनदा अंघोळ केली. आजीचं यांगदोंग बाजारात आंबवलेल्या हाँगो माशाचं दुकान आहे, आणि सोलचं कॉलेज अर्धवट टाकून आल्यापासून मी तिथे मासे कापतो. त्या माशाचा वास नाकात शिरला की डोळ्यांतून पाणी येतं. आम्हाला तो अत्तर वाटतो, पण नारेला काय वाटेल याची खात्री नाही.

"तुम्ही परत?" ती म्हणाली. "कसली परीक्षा आहे का?"

"इतिहासाची आवड आहे."

"असं? मागच्या खेपेला मी शवपेट्यांचं सांगत होते तेव्हा तुम्ही हसत होतात."

मी हसत नव्हतो. तिच्याकडे बघताना माझा चेहराच तसा होतो. हे चारचौघांत कसं सांगणार? वर ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बाकीची पोरं बिनदिक्कत "ताई, ताई" करतात. माझ्या तोंडातून तो शब्द मरेपर्यंत निघणार नाही.

तो टोपीवाला म्हातारा आजही होता. मेंग त्याचं नाव. चुंगचाँगकडचा, यसानहून येतो, तिथे सफरचंदाच्या बागा आहेत म्हणे. तिकडच्या सगळ्यांसारखाच बोलायला इतका सावकाश की त्याने वाक्य सुरू केलं की माणसाने जेवून यावं. नारे सगळा वेळ त्याच्याच शेजारून चालते. रस्ता ओलांडताना तर चक्क त्याचा दंड धरते. मलाही गुडघेदुखी असती तर बरं झालं असतं.

शेवटी व्यायामशाळेपाशी ती म्हणते, "मेलेले मोजले गेले. जे सापडलेच नाहीत त्यांना मोजणार कसं?" आणि क्षणभर थांबते. तेव्हा ती सगळ्यात सुंदर दिसते.

५ एप्रिल, शुक्रवार

हान्सिकचा सण. थडग्यांवरचं गवत काढायला सगळं खानदान डोंगरावर जमलं होतं. आजीचा थोरला चुलतभाऊ दरवर्षी तेच पुराण काढतो. दारूचा पहिला पेला ओतून झाला की लगेच.

"आता तरी सोकजूचं श्राद्ध सुरू कर बाई. तिथी ठाऊक नाही तर नवव्या महिन्याची नवमी धर. ज्यांचा दिवस माहीत नाही त्यांची तीच. आणखी किती वर्षं उपाशी ठेवणार त्याला?"

सोकजू आजीचा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा, बेकरीत शिकाऊ होता. ऐंशी साली बुद्धजयंतीच्या सकाळी "दुपारी जेवायला येतो" म्हणून बाहेर पडला आणि आलाच नाही. त्याचं प्रेत नाही, कपडा नाही, पाहिलेला माणूस नाही. उठावातल्या मृतांच्या स्मशानभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे, खाली नुसती माती.

आजी गवत उपटत राहिली. "तो मेला असं मला कुणी सांगितलं? ज्याने पाहिलं त्याने येऊन सांगावं, अमुक दिवशी गेला म्हणून. त्याच दिवशी पान मांडीन. ज्या दिवसाशी त्याचा संबंध नाही त्या दिवशी जेवायला बोलावलं तर येणार आहे का तो?"

"हट्टी आहेस."

"आहेच. तुम्ही खा मासा."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी नारेचा विचार करत होतो.

१३ एप्रिल, शनिवार

सत्यानाश!

फेरी संपल्यावर सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, "कॉफी घेणार का?" ती म्हणाली, "आज नाही, मला मेंगकाकांशी बोलायचंय." मग मी लगेच घरी जायला हवं होतं, पण माझे पाय माझं ऐकत नाहीत. समोरच्या चहाच्या दुकानाच्या काचेतून पाहिलं. म्हातारा रडत होता. मान खाली घालून, रुमाल न काढता. नारेने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले होते आणि ती हळूहळू काहीतरी विचारत होती. तो मान हलवायचा, नाही, नाही. ती पुन्हा विचारायची. शेवटी त्याने एकदा होकार दिला.

हे काय असणार ते शेंबड्या पोरालाही कळेल. बागायतदार आहे, लग्नाचा मुलगा असणार. दर शनिवारी एवढ्या लांबून फुकटच्या फेरीला कोण येतं? सून पाहायला येतो! आणि आज सोयरिक पक्की झाली म्हणून आनंदाने रडला.

आजीने विचारलं, "तोंड असं का? मासा नासला का?"

"मासा नाही, नशीब."

"मग ठीक. नशिबाला गिऱ्हाईक नसतं."

२० एप्रिल, शनिवार

सक्तीच्या लष्करी सेवेचा हुकूम आला. कॉलेज सोडलं की सूट संपते, हे माहीत होतं. ऑगस्टमध्ये हजर व्हायचं. तोवर काय ते नारेला सांगून टाकायला हवं.

फेरीला गेलो. म्हातारा आज कारंज्यापाशी थबकला आणि पुढे यायलाच तयार नव्हता. नारे त्याच्या कानाशी म्हणाली, "आज इतकं पुरे. पुढच्या वेळी आणखी थोडं." गुडघ्यांचा व्यायाम करून घेते की काय!

२७ एप्रिल, शनिवार

आज मी एका माणसाला मारलं.

कारंज्याच्या चौकात होतो. बारा-पंधरा जण होते, त्यांत एक निवृत्त मास्तर, सगळ्यात तोंड घालणारा. त्याने विचारलं, "बुद्धजयंतीच्या दुपारी गोळीबार झाला तेव्हा सैनिक नेमके कुठे उभे होते?" नारे हात करून सांगू लागली, "साधारण इथून, कारंज्याच्या पलीकडून..."

"नाही," मागून मेंग म्हणाला.

सगळे वळले. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"आम्ही... अलीकडे होतो. कारंज्याचा कठडा... पाठीला लागत होता."

वाटलं, चुकून म्हणाला असेल. मीच ओरडलो, "आम्ही म्हणजे कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आम्ही," तो म्हणाला. "शिपाई."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. त्याची कॉलर माझ्या मुठीत होती. मी म्हणत होतो, "इथे यायची लाज नाही वाटत? आणि मुलीचे हात धरतोस? थेरड्या!" मास्तर ओरडला, "सोड त्याला." मी मुस्काटात मारली. तो लाकडासारखा सरळ मागे पडला, कठड्यावर त्याचं कोपर आपटलं, तो आवाज कानातून जात नाही. त्याने हात उचलला नाही. तोंडसुद्धा झाकलं नाही.

मग स्वतःच उठला. कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला, व्यायामशाळेच्या दिशेने आणखी एकदा वाकला आणि स्टेशनच्या पायऱ्या उतरून गेला.

मी वळलो. खरं लिहायचं तर मला वाटलं होतं, नारे माझा हात धरेल. ती पांढरीफटक पडली होती.

"त्याने पहिल्यांदा 'आम्ही' म्हटलं," ती म्हणाली. "लोकांसमोर. दोन वर्षं लागली मला. दोन वर्षं फोन करत होते. आधी नुसता स्टेशनपर्यंत यायचा आणि परत जायचा. आणि तू..."

तिने मला पहिल्यांदा तू म्हटलं, आणि ते असं.

"पुढच्या शनिवारी तो आम्हाला डोंगर दाखवणार होता."

"कुठला डोंगर?"

"जिथे त्याने पुरलं होतं."

"काय पुरलं होतं?"

मी खरंच असं विचारलं. काय.

मास्तरच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पोरा, घरी जा."

२८ एप्रिल, रविवार

बाजाराला सगळं आधीच कळलं होतं. कुणी सांगितलं कोण जाणे. सकाळी दुकान उघडायच्या आत भाजीवाल्या मावशी मद्याची बाटली घेऊन हजर. "शाबास रे! चव्वेचाळीस वर्षांत एकाला तरी चपराक बसली!" सुक्या मिरच्यांवाल्या काकूंनी माझा हात वर करून सगळ्या गल्लीला दाखवला. कोळंबीवाला म्हणाला, "डाव्या गालावर का नाही दिलीस?" लोक टाळ्या वाजवत होते. नाकारू का? क्षणभर बरंही वाटलं.

आजी पाठमोरी बसून मासा कापत होती. तिने विचारलं, "काय म्हणत होता तो?"

मी सांगितलं. अलीकडे होतो म्हणाला. शिपाई म्हणाला. आणि पुढच्या शनिवारी डोंगर दाखवणार होता.

तिची सुरी थांबली. "डोंगर?"

"जिथे पुरलं ते."

ती उठली. हातातला ओला माशाचा शेपटा तसाच तिने माझ्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा. टपालावर शिक्के मारावेत तसा फाड फाड आवाज होत होता आणि टाळ्या थांबल्या.

"चव्वेचाळीस वर्षांनी तोंड उघडणारा एक माणूस आला," ती म्हणाली, "आणि तू त्याच्या तोंडावरच मारलंस? मी सगळ्या कचेऱ्यांच्या दारात बसले. साहेबांच्या पाया पडले. कुणी एक शब्द सांगितला नाही. जो सांगायला आला त्याला तू हाकललंस, मेल्या? कशासाठी? त्या पोरीने बघावं म्हणून?"

तिला हे कसं कळलं?

मिरच्यांवाल्या काकूंनी मद्याची बाटली हळूच उचलून परत नेली.

२ मे, गुरुवार

नारे फोन उचलत नाही. तिच्या कचेरीपाशी गेलो तर जिन्यातच गाठ पडली.

"मेंगकाका फोन उचलत नाहीत," ती म्हणाली. "बेपत्तांच्या शोधसमितीची माणसं शनिवारी येणार होती, त्यांना नको म्हणून कळवलं."

"मला माफ कर. मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी?" ती हसली. ते हसू मला आयुष्यभर नको. "मी सांगितलं होतं तुला? हानसोल, तू कितीदा फेरीला आलास? मी काय सांगत होते त्यातलं एक वाक्य सांग."

मला आठवेना. तिच्या कानातल्या चांदीच्या पानांची नक्षी मी डोळे मिटून काढून दाखवीन. पण वाक्य आठवेना.

"माझ्यामागे फिरू नकोस. त्याच्याकडे जा."

५ मे, रविवार

यसानहून आत्ता परतलो. इक्सानला गाडी बदलावी लागते.

माफी मागायला रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून आजीला न विचारता दुकानातला सगळ्यात जुना, सगळ्यात कडक हाँगो घेतला. आमच्याकडे याहून मोठा मान नाही. सात पदरी बांधला होता. तरी इक्सानच्या पुढे डब्यातली माणसं एकेक करून उठून गेली. तिकीट तपासनीस नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काय मेलंय का तुमच्याकडे?" म्हटलं, "भेट आहे." तो म्हणाला, "कुणावर राग आहे एवढा?"

नारेने दिलेल्या पत्त्यावर फाटक उघडलं ते मेंगच्या बायकोने. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या काकू. वासाने दोन पावलं मागे गेल्या, पण हसू सोडलं नाही.

"ग्वांगजूहून आलात? म्हणजे यांची ती फळांची गिऱ्हाइकं! दर शनिवारी जातात हो तुमच्याकडे. गेल्या खेपेला तर पडले, कोपराला केवढी जखम! ग्वांगजूचे रस्ते एवढे वाईट आहेत का?"

तिला काहीच माहीत नाही. मी तोंड उघडलं होतं. सगळं ओठांवर आलं होतं, तो सैनिक होता, त्याने माणसं पुरली, जखम मी केली. आयुष्यात ओठांवर आलेलं मी कधी गिळलं नाही, कॉलेजही त्यापायीच सुटलं.

"हो काकू," मी म्हणालो. "रस्ते वाईट आहेत. आम्ही गिऱ्हाईक."

मेंग बागेत शिडीवर होता. झाडाच्या एकेका झुबक्यातली बारकी फळं खुडून एकच ठेवत होता. मला पाहिलं आणि हात तसाच वर राहिला. मी तिथेच मातीत गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"मारल्याबद्दल माफ करा."

त्याने आधी हातातली फळं एकेक करून खिशात टाकली. मला वाटलं, चुंगचाँगचा म्हणून वेळ लागतोय.

"दुखलं," तो म्हणाला. "बरं झालं मारलंस... असं मी म्हणणार नाही. दुखलं. पण त्याहून... ते बरं वाटलं. म्हणून पळालो. मार खाऊन हलकं वाटायला लागलं तर... पुढचं सांगायचं राहून जाईल."

मी म्हणालो, "मग या ना परत."

"बायकोला ठाऊक नाही. मुलांना नाही. सैन्यात होतो, एवढंच माहीत. कुठे होतो ते..." त्याने आणखी एक फळ खुडलं. "तुझं वय काय?"

"बावीस. ऑगस्टमध्ये मलाही बोलावलंय."

तो शिडीवरून खाली उतरला आणि खालच्या पायरीवर बसला. मलाच वाटलं, आता हा पडतो.

"मीही बावीसचा होतो," तो म्हणाला.

हे लिहितानाही मला नीट बसवत नाही. इतके दिवस मी त्याला म्हातारा म्हणून पाहत होतो. शिपाई म्हटल्यावरही डोळ्यांपुढे टोपी घातलेला, बंदूक धरलेला म्हाताराच यायचा. तो माझ्याएवढा होता. त्याला कुणी सांगितलं, पुरून टाक, आणि त्याने पुरलं. मला सांगितलं असतं तर? मी एवढा तापट, मी ऐकलं नसतं, असं मी पन्नासदा स्वतःला सांगितलं. पन्नासदा का सांगावं लागतंय?

निघताना आजीचं सांगितलं. सोकजूचं सांगितलं.

"केवढा होता?"

"सतरा."

त्याने काही वचन दिलं नाही. काकूंनी मात्र हाँगोची पिशवी काठीला अडकवून अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी रिकाम्या हाताने आलात तरी चालेल हो."

१८ मे, शनिवार

ऐंशीच्या उठावाचा स्मृतिदिन. चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाजारातल्या बायका परंपरेप्रमाणे भाताचे गोळे वाटत होत्या, तेव्हा मोर्चातल्या पोरांना वाटले होते तसे. आजीही बसली होती गोळे वळत. मी पाट्या उचलत होतो आणि प्रत्येक टोपी बघत होतो. मेंग आला नाही.

नारेच्या फेरीत आज मी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे बघत ऐकलं. तिने सांगितलेली वाक्यं आता पाठ आहेत, पण ती मला कुणाला म्हणून दाखवायची नाहीत. गोळ्यांच्या इमारतीपाशी मात्र मान वर करून एकेक खूण मोजली. लहानपणापासून त्या खुणांखालून गेलोय.

२५ मे, शनिवार

सुरुवातीपासून लिहितो, नाहीतर सगळं गोंधळेल.

सकाळी मेंग स्टेशनाच्या पायऱ्या चढून वर आला. शेजारी त्याची बायको. काकू आज हसत नव्हत्या. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "तो वास चार दिवस घरातून गेला नाही. मी विचारत राहिले, असलं कसलं गिऱ्हाईक हो, की माफी मागितल्यासारखा वाकून जातो? पाचव्या दिवशी जेवताना हे बोलले." मग पदराने तोंड पुसावं तसं बाहीने पुसलं. "मला आधी वाटलं, उठून माहेरी जावं. मग म्हटलं, आधी बघते तरी कुठे ते."

नारेने शोधसमितीचे दोघे बोलावले होते. मी धावत जाऊन आजीला आणलं. ती गुडघाभर रबरी बूट आणि माशाचा एप्रन यांच्यासह गाडीत बसली. मेंग आणि ती समोरासमोर. काच खाली करावी का, एवढं सुद्धा कुणी विचारलं नाही.

शहराबाहेर जिथे डोंगर होता म्हणे, तिथे पंचवीस मजल्यांच्या इमारती आहेत.

मेंग उतरला आणि उभा राहिला. "एक तळं होतं," तो म्हणाला. "तळ्यावरून रस्ता डावीकडे... वर पाइन होते." तो इकडे वळला, तिकडे वळला. तळ्याच्या जागी गाड्या लावायचं मैदान. पाइनच्या जागी मुलांची घसरगुंडी, पिवळी, हत्तीच्या सोंडेची. पोरं किंचाळत घसरत होती. मेंग दोन इमारतींच्या मधून गेला, परत आला, पुन्हा गेला. समितीचे लोक जुना नकाशा आणि नवा नकाशा एकमेकांवर धरत होते. वॉचमन ओरडत आला, "ओ, रहिवासी नसाल तर गाडी काढा!"

"डोंगरच कापलाय," समितीवाला हळूच म्हणाला. "वीस एक वर्षं झाली. माती कुठे गेली देव जाणे."

मला वाटलं नव्हतं असं काही असू शकतं. सगळे सांगत होते, माणूस बोलला की झालं. माणूस बोलला, आणि डोंगरच नाही! नारे खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. तिच्या बुटाला नाडी नव्हती.

मेंग फरशीवर गुडघ्यांवर बसला. आजीसमोर. बायको त्याच्यापासून चार हात लांब उभी.

आजीने त्याला ऊठ म्हटलं नाही. तिने घसरगुंडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जागा राहू दे," ती म्हणाली. "दिवस कुठला होता?"

"तारीख... तारीख नाही आठवत. तेव्हा आम्हाला... दिवस-रात्र कळत नव्हतं."

"आठवा."

तो डोळे मिटून बसला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. पोरं घसरत होती. मग तो म्हणाला, "वाटेत एक देऊळ होतं. अंगणात दोऱ्यांवर कागदी कंदील. विझलेले. एक भिक्षू शिडी लावून... ते उतरवत होता. आमचा ट्रक बघून शिडीवरच थांबला. हातात गुलाबी कंदील होता. मला वाटलं, आता हा खाली येऊन विचारेल, ट्रकमध्ये काय आहे. त्याने विचारलं नाही."

"बुद्धजयंतीचे कंदील उतरवत होता," आजी म्हणाली. "बुद्धजयंती अष्टमीला, म्हणजे हा दुसरा दिवस. नवमी."

"नवमी," समितीवाला म्हणाला. "चौथ्या महिन्याची."

माझाच तोल गेला. "पण तो सोकजू होता कशावरून? कपडे काय होते? उंची? चेहरा कसा होता?"

"चेहऱ्यावर पोतं होतं," मेंग म्हणाला. "मी पायाकडून धरलं होतं. हलका होता. पोरगा होता... एवढंच."

"म्हणजे कुणीही असू शकतो! आजी, असा पुरावा..."

"गप्प बस!" आजी म्हणाली. "माझा नसेल तर कुणाचा तरी असेल. त्याला तरी जेवायला मिळेल."

मग ती बोटं मोजायला लागली आणि मधेच थांबली. या वर्षीची नवमी गेल्या आठवड्यातच होऊन गेली. तिथी टळली की पान मांडत नाहीत, आधी चालतं, नंतर नाही. इतकी वर्षं थांबली, आणि आठवडाभराने चुकली. मला रडू फुटलं. ती नाही रडली.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. आणि मेंगला वळसा घालून त्याच्या बायकोपाशी गेली. "बाई, तुम्ही सकाळपासून उपाशी असाल. जेवल्याशिवाय जायचं नाही."

तुम्ही म्हणाली. 'तुम्ही दोघं' नाही म्हणाली. काकू जेवल्या. मेंग बाजाराच्या तोंडाशी गाडीत बसून राहिला.

१ जून, शनिवार

आज दुकानात घडलं ते बघून मी सुरी खाली ठेवली आणि नुसता उभा राहिलो.

सकाळी एक म्हातारी आली. पाठीत पार वाकलेली, हातात काठी. वाटलं, अर्धा किलो मागेल. म्हणाली, "हाँगोवाली ना तू? ऐकलं की तुला एक तिथी मिळाली."

आजी म्हणाली, "मिळाली."

"आमच्या पोराचीही नाहीये. ती आम्ही घेतली तर चालेल का?"

मला वाटलं, माझ्या कानांना काहीतरी झालंय. तिथी कुणी मागायला येतं? पण मागे आणखी दोघी उभ्या होत्या. मग एक म्हातारा आला, मुलाने हात धरून आणलेला. समितीकडून बातमी फुटली असावी. एकच पोरगा, पोत्याखालचा. एकच दिवस. आणि सगळी घरं तोच मागत होती, कारण दुसरा दिवसच कुणाकडे नाही. एक बाई घाबरत म्हणाली, "तो तुमचाच निघाला तर आम्ही परत देऊ."

"परत काय द्यायचं त्यात?" आजी म्हणाली. "घ्या. जेवायला एकाला बोलावलं तर पोरं काय एकटी येतात? चार मित्र घेऊनच येतात."

तेवढ्यात नारे आली. माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि समोरच्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "तू पुढे ये ना, रांग कशाला?" ती नाही म्हणाली. रांगेतच राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने दोन्ही हात जुळवले.

"आजी, आमच्या घरालाही. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. आजोबा गेल्या हिवाळ्यात वारले, शेवटपर्यंत विचारत होते."

मी टेबलाची कड धरली. वर्षानुवर्षं ती हे का करत होती, दोन वर्षं त्या माणसाला कशासाठी फोन करत होती, एवढे शनिवार मी तिच्यामागे हिंडलो आणि एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही! व्यायामशाळेपाशी ती थांबायची तेव्हा मी काय बघत होतो?

"नाव काय त्याचं?" आजीने विचारलं.

"गी दाल्सू. एकोणीस वर्षांचा होता."

आजीने हात एप्रनला पुसले आणि ते नाव मोठ्याने म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "गी दाल्सू. नवमीला आमच्या सोकजूबरोबर ये रे."

मग त्या वाकलेल्या म्हातारीने आपल्या पोराचं नाव सांगितलं. आजीने तेही म्हटलं. मग पुढचं. भाजीवाल्या मावशी, कोळंबीवाला, सगळे आपापल्या टोपल्या सोडून उभे राहिले होते. नावं संपली तेव्हा आजी माझ्याकडे वळली.

"बघत काय उभा आहेस? पुढच्या वर्षी एका दिवसात इतकी पानं. तू तर बराकीत असशील. कापायला कोण आहे मला?"

"मी येईन," नारे म्हणाली.

"सुरी धरता येते?"

"नाही."

"मग आजपासून शीक. सरक रे, तिला जागा दे."

मी सरकलो.